धाकलीची तिसरी काचपट्टी

मित्रांनो, मला एकच डोळा आहे आणि तोही उसना. तुम्ही वाकून माझ्या नळीला डोळा लावलात तरच मला सूक्ष्म जग दिसते. एरवी मी म्हणजे टेबलावरचे पितळेचे एक वजनदार धूड. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझ्या पायावर माझ्या जन्माचे साल कोरलेले होते, पण पुसून पुसून ते झिजून गेले. झाले ते बरेच झाले. आता कोणी वय विचारले तर मी बिनदिक्कत दहा वर्षे कमी सांगू शकतो.

माझी सगळी अक्कल माझ्या सर्वांत लहान भिंगात आहे. ते मोहरीच्या दाण्याहून थोडेसेच मोठे आहे. ज्या कारागिराने ते घासले, त्याने आधी तीन दिवस खपून एक भिंग तयार केले, उजेडात धरले, त्यावर केसाएवढा ओरखडा पाहिला आणि ते सरळ टोपलीत टाकून दिले. शेजारचा कारागीर हळहळला.

“अरे, एवढासा ओरखडा कोणाला दिसणार आहे?”

“ओरखडा नाही दिसत कोणाला,” हा म्हणाला. “पण त्याच्यामागे जे असेल ते लपतं. त्याचं काय?”

आणि तो पुन्हा पहिल्यापासून घासायला बसला. त्या माणसाचे नाव मला ठाऊक नाही. पण त्याचे उपकार मी रोज आठवतो, कारण पुढे जे काही मला दिसले ते त्या दुसऱ्या भिंगातून दिसले.

माझी उमेदीची वर्षे एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत गेली. दरवर्षी नवी मुले येत. पहिल्या दिवशी त्यांतली निम्मी मुले माझ्यातून स्वतःच्याच पापण्या पाहत, वहीत लांबलचक काळे जंतू काढत आणि खाली ‘हालचाल करणारे’ असे लिहीत. शिक्षक कपाळाला हात लावत. मला मात्र ती मुले फार आवडत. वर्षाच्या शेवटी तीच मुले रक्ताच्या एका थेंबात पाच जातींच्या पांढऱ्या पेशी अचूक ओळखत आणि मला वाटे, यात आपलाही खारीचा वाटा आहे.

मग दोन डोळ्यांचे, विजेच्या दिव्याचे नवे सूक्ष्मदर्शक आले. एकडोळ्या म्हाताऱ्याला कोण विचारतो? मला कपाटात ठेवले, कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली हरवली. आत अंधार होता आणि ओल होती. जी बुरशी मी वर्षानुवर्षे मुलांना दाखवली होती, तिनेच एक दिवस माझ्या भिंगावर घर केले. ओळखीचा माणूसच असा घरात शिरतो.

किती वर्षे गेली ते सांगता येत नाही. कपाट फोडले तेव्हा मला भंगारात काढायचे ठरले होते. तिथे त्या महाविद्यालयाची एक जुनी विद्यार्थिनी आली होती. तिने मला उचलले, नळीतून खिडकीकडे पाहिले आणि म्हणाली, “अगंबाई, हा तर तोच! याच्यातून मी माझ्या पापण्या काढल्या होत्या.” ती मला साडीच्या घडीत गुंडाळून घेऊन गेली. मित्रांनो, हा माझा दुसरा जन्म होता.

ही बाई एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तपासणीचे काम करी. खाली नाक-कान-घशाचे डॉक्टर बसत आणि वरच्या दोन खोल्यांत आमची प्रयोगशाळा होती. बाईंच्या गळ्यात चष्म्याबरोबर एक छोटे भिंगही लटकलेले असे, म्हणून गल्लीतली पोरे त्यांना भिंगबाई म्हणत. त्यांनी मऊ कापडाने आणि औषधाच्या दोन-दोन थेंबांनी पंधरा दिवस माझी बुरशी काढली. घाई अशी नाहीच. शिवाय पुसताना माझ्याशी बोलण्याची त्यांना सवय होती. घरी ऐकायला कोणी नसावे, किंवा असेल तर तो मध्ये बोलत असावा.

रक्त मोजायला तिथे एक मशीन होते. त्याला गर्व फार. पण नाकातले नमुने माझ्याकडेच येत, कारण मशीनला शेंबूड वाचता येत नाही. हसू नका! शेंबडात बरेच काही लिहिलेले असते. नाकातून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुना काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, त्यावर रंग घालायचा, धुवायचा आणि तेलाचा एक थेंब टाकून माझे लहान भिंग त्यात बुडवायचे. लोक नुसते म्हणतात, डोळ्यांत तेल घालून पाहा. मी खरोखरच तसा पाहतो.

एके दिवशी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एक तरुण मुलगी जिना चढून आली. पुढच्या वळणावर बापलेकीची बेकरी होती. गिऱ्हाइके बापाला थोरले म्हणत आणि लेकीला धाकली. ही धाकली. केस नीट विंचरलेले, कपड्यांना इस्त्री, आणि नाक लालबुंद.

“वर्ष झालं, बाई,” ती म्हणाली. “सकाळी कामाला उभी राहिले की शिंका. एक नाही, दोन नाही, दहा-बारा. दुपारनंतर नाक असं बंद होतं की तोंडानं श्वास घ्यावा लागतो. नाकी नऊ आलेत.”

“मग सुट्टी घे की थोडी.”

“सुट्टीचं सोडा. मला वास येईनासा झालाय. बाबांनी मला लहानपणापासून वासावर तयार केलंय. भट्टीसमोर उभं करून विचारायचे, ‘धाकले, वास कसा येतोय?’ मी सांगायचे, ‘झाला’, की ते पाव बाहेर काढायचे. अजूनही रोज विचारतात. आता मी काय सांगू? गेल्या महिन्यात दोन खेपा करपल्या. बाबा शेजारीच उभे होते. मला म्हणाले, तुझं लक्ष नाही.”

मग तिने खरी गोष्ट सांगितली. थोरल्यांच्या मते शिंका हे निमित्त होते. जन्म पिठात गेला, तेव्हा कशी नाही शिंकली? मुलीचे मनच भट्टीवरून उडाले आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्के बसले होते. त्यांनी सांगून टाकले होते, नाकात काही निघाले तर औषध करू. नाही निघाले तर महिनाअखेर भट्टी विझवायची आणि जागा दुसऱ्याला द्यायची. मन मारून कोणी पाव भाजू नये.

“आणि तुला काय हवंय?” भिंगबाईंनी विचारले.

“मला भट्टी हवी.” तिने नाक पुसले. “पण पीठच वैरी निघालं तर? मग तर जायलाच लागेल ना भट्टी? म्हणून भीती वाटते. काही निघालं तरी वाईट, नाही निघालं तरी वाईट.”

बाईंनी नमुना घेतला, रंगवला आणि माझ्याखाली ठेवला. आम्ही दोघांनी कोपरा न कोपरा पाहिला. काचपट्टी एखाद्या सारवलेल्या अंगणासारखी स्वच्छ होती. नाकाच्या अस्तराच्या चार-दोन पेशी सोडल्या तर काहीच नाही. बाईंनी कागदावर लिहिले, ‘अ‍ॅलर्जीच्या पेशी आढळल्या नाहीत.’

चार दिवसांनी कळले ते असे. डॉक्टरांकडे जायचे म्हणून धाकलीने मिठाच्या कोमट पाण्याने नाक दोनदा धुतले होते, चांगले शिंकरून मोकळे केले होते. घाणेरडे नाक घेऊन परक्या बाईसमोर कसे बसायचे? जे मला वाचायचे होते, ते पान तिने सभ्यपणापायी फाडूनच आणले होते.

“अगं, नाक हीच तर तपासायची वस्तू!” भिंगबाई म्हणाल्या. “पुन्हा ये. आणि धुऊ नकोस.”

ती दुसऱ्यांदा आली तेव्हा नाक धुतलेले नव्हते. पण रोज कामातून सवड मिळेना, म्हणून तिने भट्टीच्या विटा बदलायच्या, आधीपासून ठरलेल्या आठवड्यात यायचे ठरवले होते. आठ दिवस बेकरी बंद. आठ दिवसांत चिमूटभर पीठ उडाले नव्हते. आम्ही पुन्हा पाहिले. शंभर पेशींत अ‍ॅलर्जीची जेमतेम एक. बाईंनी पुन्हा तेच वाक्य लिहिले.

त्या कागदाचे बेकरीत काय झाले ते नंतर समजले. थोरल्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि एवढेच म्हणाले, “बघ. काही नाही.” धाकली उत्तर द्यायला गेली आणि तिला शिंक आली. थोरल्यांना वाटले, ही मुद्दाम शिंकते आहे.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ चुका पाहिल्या, पण ही चूक माझ्या नावावर आहे. मी खोटे बोललो नव्हतो. मला दिसले नाही ते नाही म्हणून सांगितले. पण माझ्या सांगण्यावरून एक खरे बोलणारी मुलगी खोटी ठरली. चोर सोडून संन्याशाला सुळी! बुरशी खात कपाटात पडलो होतो तेव्हासुद्धा मला इतके वाईट वाटले नव्हते.

महिना संपायला सहा दिवस राहिले होते. त्या दिवशी सकाळी भिंगबाई पाव आणायला बेकरीत गेल्या आणि तशाच पिशवी घेऊन प्रयोगशाळेत आल्या. मला पुसायला घेतले ते जरा जोरातच.

“म्हाताऱ्या, आपलं चुकलं,” त्या म्हणाल्या. “मी आज डोळ्यांनी पाहिलं. थोरले ओट्यावर पीठ टाकतात ते कसं माहितीय? मूठ भरून घ्यायची आणि मनगटाला असा झटका द्यायचा! सगळ्या ओट्यावर एकसारखा थर. लोक बघत उभे राहतात. लेकीनंही तोच हात उचललाय. पण निम्मं पीठ ओट्यावर पडतं आणि निम्मं हवेत. पोरीच्या मी मोजून अकरा शिंका ऐकल्या. आणि आपण तिला बोलावलं कधी? भट्टी बंद असताना! माशी इथेच शिंकली.”

त्यांनी लगेच निरोप पाठवला. दुपारी काम संपल्यावर, नाक बंद झाल्यावर ये. तोंड धुऊ नकोस, एप्रन काढू नकोस, जशी असशील तशी ये.

दुपारी धाकली आली ती अशी की जिन्याच्या पायऱ्यांवर पिठाची पावले उमटली. तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या. मागोमाग थोरलेही आले. ताठ कण्याचे, नाकावर माशी बसू न देणारे गृहस्थ. ते दारातच उभे राहिले.

“दोनदा झालं की,” ते म्हणाले. “तिसऱ्यांदा काय नवं निघणार?”

“बसा, काका,” भिंगबाई म्हणाल्या. “निघालं नाही तर मी स्वतः माफी मागेन.”

तिसरी काचपट्टी माझ्याखाली आली. बाईंनी तेलाचा थेंब टाकला, भिंग खाली घेतले, डोळा लावला आणि त्यांचा श्वास थांबला. माझाही थांबला असता, पण मला तो नाही. काचपट्टीभर गोल पेशी दाटीवाटीने बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मध्ये दोन जांभळे तुकडे आणि भोवती गच्च भरलेले नारिंगी दाणे. इओसिनोफिल! याच त्या अ‍ॅलर्जीच्या पेशी. शंभरांत बेचाळीस. इतकी सुंदर काचपट्टी मी फार दिवसांत पाहिली नव्हती, आणि सुंदर म्हणताना मला लाजही वाटली, कारण तो एका मुलीचा त्रास होता.

“या काका, तुम्हीच बघा.”

थोरले वाकले. बराच वेळ पाहून म्हणाले, “मला तर नुसते काळे दांडे दिसतायत.”

“त्या तुमच्या पापण्या. जरा मागे या.”

मला फार बरे वाटले. इतक्या वर्षांनी पुन्हा कोणीतरी पापण्या पाहिल्या होत्या. मग थोरल्यांना दिसले. त्यांचा डोळा माझ्यावरून हलला नाही.

“हे नारिंगी काय आहे?”

“पांढऱ्या पेशी आहेत, रंगवल्यावर अशा दिसतात. शरीराचे शिपाईच. पोटात जंत झाले तर हेच धावतात. वाईट नाहीत बिचारे. पण इथे त्यांना चुकीच्या पत्त्यावर बोलावलंय.”

“कोणी बोलावलं?”

भिंगबाईंनी स्टूल ओढले आणि त्या बसल्या. त्यांना कोणी असा प्रश्न विचारला की त्यांचा चहा गार होतो.

“नाकाच्या अस्तरात काही पहारेकरी पेशी असतात. बाहेरचं काही आलं की त्याचा तुकडा उचलायचा, मानेतल्या गाठीपर्यंत न्यायचा आणि तिथल्या टी पेशींना, म्हणजे निवाडा करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवायचा. ओळखता का याला? आता पीठ दाखवल्यावर टी पेशींनी म्हणायला हवं, ‘पीठ आहे, जाऊ दे.’ पण काहींच्या टी पेशी तापट. त्या म्हणतात, ‘शत्रू!’ आणि निरोप सोडतात. तोंडानं नाही, रसायनांनी. इंटरल्यूकिन म्हणतात त्यांना. नंबर असतात. चार आणि तेरा नंबरचा निरोप बी पेशींना पोचला की त्या पिठाविरुद्ध एक खास प्रतिपिंड तयार करतात. आयजीई.”

“मग शिंक येते?”

“अजून नाही. हे आयजीई नाकातल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं. नुसतं बसून राहतं. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं, एकावर एक. बाहेरून काही कळत नाही. तुम्ही म्हणता ना, इतकी वर्षं कशी नाही शिंकली? ती वर्षं या तयारीत गेली.”

थोरल्यांनी एकदा लेकीकडे पाहिले. ती नाक पुसत होती.

“मग एक दिवस पीठ येतं, मास्ट पेशीवरच्या दोन आयजीईंना एकदम चिकटतं, आणि मास्ट पेशी पोटातलं सगळं ओतून टाकते. त्यात असतं हिस्टामिन. त्यानं खाज सुटते, शिंका येतात, पाणी वाहतं. हे सगळं मिनिटांत होतं. ही तिची सकाळ.”

“आणि दुपार?”

“दुपारचा निरोप वेगळा असतो. पाच नंबरचा. तो या नारिंगी मंडळींना बोलावतो. ती रक्तातून निघतात, नाकात पोचायला काही तास लागतात. येतात आणि दाणे फोडतात, अस्तराला इजा करतात, सूज वाढते. म्हणून दुपारी नाक बंद होतं. साप साप म्हणून भुई धोपटायची, आणि भुई आपलीच! आठ दिवस पीठ नव्हतं, तर निरोप गेलाच नाही. मग हे येणार कशाला? आणि आम्ही बसलो लिहीत, आढळले नाहीत.”

मित्रांनो, तेव्हा मला माझी गोष्ट कळली. मला ते निरोप दिसत नाहीत. चार नंबर नाही, पाच नंबर नाही, हिस्टामिनही नाही. माझ्या सर्वांत चांगल्या भिंगातूनही ते दिसणार नाहीत, इतके ते सूक्ष्म आहेत. मला दिसतात ते फक्त बोलावल्यावर आलेले. इतकी वर्षे मी समजत होतो की सगळे मला दिसते. त्या दुपारी माझा गर्व उतरला, आणि त्याबद्दल मी त्या शेंबडाचा कायमचा ऋणी आहे.

“म्हणजे भट्टी सोडायची,” धाकली हळूच म्हणाली.

“कोण म्हणतं? आधी पीठ उडायचं थांबवायचं. चाळणीनं हलकेच भुरभुरायचं. पोतं वरून ओतायचं नाही. झाडू नाही, ओलं फडकं. तोंडाला मास्क. काम झालं की नाक धुवायचं. तेव्हा धू हवं तेवढं! डॉक्टर नाकात मारायचा फवारा देतील, सूज उतरवणारा. तो रोज घ्यायचा, मनाला येईल तेव्हाच नाही. एवढं करून बघू. पुष्कळांना पुरतं. नाही पुरलं तर पुढचं डॉक्टर सांगतील.”

“आणि तो वास?”

“वास नाकाच्या अगदी वरच्या भागात कळतो. सूज राहिली की तिथवर हवाच पोचत नाही. हळूहळू वास जातो. इतका हळू, की काही माणसांना आपला वास गेलाय हेच कबूल करावंसं वाटत नाही.”

हे वाक्य त्यांनी सहज म्हटले होते. पण थोरले खाली बसले. त्यांचा ताठ कणा पहिल्यांदाच वाकलेला दिसला.

“किती वर्षांनी गेलेला परत येतो?” त्यांनी विचारले.

“धाकलीचं तर वर्षच झालंय, काका.”

“तिचं नाही विचारत.”

मशीन नेमके तेव्हाच थांबले. धाकलीने बापाकडे पाहिले, आणि तिच्या पांढऱ्या पापण्या वर राहिल्या त्या खाली येईनात.

“बाबा, तुम्ही मला रोज विचारता, वास कसा येतोय...”

“तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा माझा गेला,” थोरले म्हणाले. “आधी शिंका, मग सर्दी, मग काहीच नाही. वास न येणारा बेकर म्हणजे काय? कोणाला सांगू? तुला भट्टीसमोर उभं केलं. तू ‘झाला’ म्हणायचीस आणि मी काढायचो. लोक म्हणायचे, थोरल्यांचं नाक म्हणजे नाक! ते नाक तुझं होतं, पोरी. आणि तुझं नाक गेलं तेव्हा दोन खेपा करपल्या, मी शेजारी उभा, मला कळलं नाही. मी घाबरलो. तुझं लक्ष नाही म्हणालो, कारण माझं काय झालंय ते म्हणता येईना. भट्टी त्यासाठीच विझवणार होतो.”

धाकली रडेल असे मला वाटले होते. ती रागावली. “अकरा वर्षं!” ती म्हणाली. “मला वाटायचं माझी परीक्षा घेताय. एकदा तरी चुकेल म्हणून मी घाबरून उभी असायचे!” आणि मग रडली. थोरल्यांनी तिचे डोळे आपल्या बाहीने पुसायला घेतले. बाहीलाही पीठच होते. तिला धडाधड सहा शिंका आल्या आणि रडता रडता ती हसायला लागली.

भिंगबाईंनी एक नवा कापसाचा बोळा काढला. “काका, मान मागे करा,” त्या म्हणाल्या. चौथी काचपट्टी थोरल्यांची होती. तिच्यावर नारिंगी पेशी लेकीहून जास्त होत्या.

पुढचे मी ऐकून सांगतो. थोरल्यांच्या नाकात सूज जुनी आणि हट्टी होती. डॉक्टरांनी त्यांना वास येईलच असे वचन दिले नाही. फवारा दोघेही घेऊ लागले. पण औषधाहून कठीण होती ती चाळणी. पन्नास वर्षांचा मनगटाचा झटका! हात आपोआप पोत्यात जाई, मूठ भरे आणि धाकली ओरडे, “बाबा!” मग थोरले मूठ उघडून पीठ परत टाकत आणि चाळणी उचलत. बघायला येणारी गिऱ्हाइके नाराज झाली. थोरले त्यांना म्हणत, “तमाशा बंद झाला, पाव चालू आहे.” महिनाअखेर आली आणि गेली. भट्टी विझली नाही.

पाच महिन्यांनी दोघे पुन्हा जिना चढून आले. तपासणी नव्हती, ताजा पाव घेऊन आले होते. धाकलीचे नाक लाल नव्हते. शिंका अगदीच गेल्या नव्हत्या, पण दिवसाला एक-दोन म्हणजे काहीच नाही, असे ती सांगत होती. तिने पिशवी माझ्या शेजारी टेबलावर ठेवली. थोरले बोलता बोलता थांबले. त्यांनी मान वळवली, पिशवीकडे वाकले आणि पुन्हा एकदा वाकले.

“धाकले,” ते म्हणाले, “हा बुडाला करपलाय.”

“काहीतरीच काय! मी स्वतः काढला.” तिने पाव उलटा केला. तळाशी बोटभर काळा डाग होता. निघायच्या घाईत दोन मिनिटे उशीर झाला होता.

“करपलाय,” थोरले पुन्हा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. “अगं, करपलाय!” पाव करपल्याचा इतका आनंद झालेला बेकर मी दुसरा पाहिला नाही. धाकलीने तो काळा तुकडा मोडून त्यांच्या नाकाशी धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने बापाला विचारले, “बाबा, वास कसा येतोय?”

मित्रांनो, मला वास कळत नाही. त्या दिवशी तो कळावा असे फार वाटले. पण मला जे मिळाले तेच पुष्कळ आहे. ओरखडा लपवून न ठेवणारा कारागीर मिळाला, पापण्या काढणारी मुले मिळाली, भंगारातून उचलणारी बाई मिळाली, आणि पिठाने माखलेली एक मुलगी मिळाली, जी दोनदा खोटी ठरूनही तिसऱ्यांदा जिना चढली. ती आली नसती तर मी चूक घेऊनच मेलो असतो.

तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखे कोणी जुने असेल तर त्याला ओलीत ठेवू नका. काम झाले की मऊ कापडाने पुसा, वर आच्छादन घाला. आणि कोणी तुम्हाला म्हणाले, मला त्रास होतो, आणि तुम्हाला तो दिसला नाही, तर ‘काही नाही’ असे पटकन लिहू नका. आधी आपले भिंग पुसा. मग वेळ बदलून पुन्हा पाहा.

भिंगबाईंकडे आता शिकायला नवी मुले येतात. त्यांना दाखवायला बाईंनी खणात धाकलीच्या तीन काचपट्ट्या ठेवल्या आहेत. नारिंगी पेशींची तिसरी पाहून मुले खूश होतात. पण बाई सर्वांत जपून ठेवतात त्या पहिल्या दोन, ज्यांच्यावर काहीच नाही.